तेविसावा भाग

रविवारी साडेसातला 'रात्रपाळी'चा तेविसावा भाग संपला
आणि कन्नमवार नगरात, आमच्या जिन्याखाली,
प्रकंपला वाळीत टाकलं गेलं.

प्रकंप म्हणजे पक्या. वय पंधरा.
तळहात जमिनीला टेकवले की पूल हलतो.
आज त्याने लोखंडी दार ओढून घेतलं
आणि धुमी आतच राहिली.

"गद्दार," निहार म्हणाला,
आणि जांभळे हातमोजे, म्हणजे आईचे पायमोजे, बोटांपाशी कापलेले,
ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.
सुक्याच्या नाही. मुद्दाम ओल्याच्या.

जोएल एकटा त्याच्या बाजूने:
"पाणी येत होतं ना! पलीकडे अख्खी शाळा होती.
तू काय केलं असतंस?"
"दार धरून उभा राहिलो असतो."
"किती वेळ?"
निहार गप्प.
मग म्हणाला, "निदान वळून तरी बघितलं असतं."

शर्वाणीने आजपासून बघणं सोडलं.
दोन पायऱ्या चढली, परत आली, विचारलं,
पुढच्या रविवारी साडेसातच ना?

अल्फिया यातल्या कशात नाही.
अब्बांच्या तडा गेलेल्या फोनवर
चित्र थांबवते, मागे नेते, पुढे नेते.
"सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद. दाराच्या फटीखाली बघा."
पाच डोकी एका फोनवर.
"सावली आहे."
"सावली वर चढत नाही."
"काचेचा तडा आहे तो, येडे."

मी दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत,
गालात ज्येष्ठमध धरून ऐकत होते.
पक्या मी आहे.
सत्तेचाळीस वर्षं, उजवा गुडघा कुरकुरतो,
आवाज मात्र पंधराचा.
दोन वर्षं झाली, दर बुधवारी गोरेगावला जाते,
भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत
पूल हलवून येते.

"दार उघडू नका" हे मी अकरा वेळा म्हटलं.
अकराव्याला घशात काहीतरी अडकलं, तेच त्यांनी ठेवलं.
खाली शर्वाणी म्हणते,
"त्याला काहीच वाटलं नाही. आवाजावरून कळतं."
गिळलं मी, ज्येष्ठमधासकट.

सांगता येत नाही, कागदावर सही आहे.
आणि सांगणार तरी काय?
मला फक्त माझी वाक्यं मिळतात,
बाकीच्यांच्या वाक्यांवर काळी पट्टी.
धुमीला बोलणारी मुलगी मी पाहिलेलीही नाही.
तिच्याच खुर्चीत बसते म्हणे मी,
येईपर्यंत गार झालेली असते.

चोविसाव्या भागात माझी नऊ वाक्यं.
पाचवं: "तू?"
एवढंच. वर पट्टी, खाली पट्टी.
कोणाला? शत्रूला? आईला?
पंधरा दिवस घरात म्हणून बघतेय,
कुकरला, मांजराला,
गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला.
तो म्हणाला, हो, मीच, दर वेळी मीच येतो.

बेल वाजली. तांब्यांचा हर्षू, वय सहा,
आईला वाटीभर बेसन हवं होतं.
अंगात पक्याचा टी-शर्ट, पण उलटा:
शिवण बाहेर, पक्या आत, पोटाला चिकटलेला.
"असा का रे घातलास?"
त्याने जिन्याकडे बघितलं, आवाज खाली आणला.
"आज सगळे त्याला मारतील."

मी बेसन जरा जास्तच भरलं.

तेवढ्यात खालून अल्फिया ओरडली,
"धूर आहे! शप्पथ, धूर आहे!"
हर्षू वाटीसकट पळाला.
उंबऱ्यावर पिवळी रेघ, पुढे जिनाभर पिवळे ठिपके.

दार लावलं.
फटीखालून पॅसेजमधला उजेड येत होता, थोडं बेसनही.
दाराकडे पाठ केली.
निहार म्हणाला होता तशी मान वळवली,
खाली फटीकडे बघत म्हटलं,
"तू?"

नाही जमलं.
बुधवारपर्यंत वेळ आहे.
पुन्हा.